चिठ्ठीतलं अधिक-उणे

माझ्या भाचीचे दिवस भरत आले होते. अडतिसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी करून ती माहेरी परतली तेव्हा हातात कागद होता आणि डोळ्यांत पाणी. कागदावर बाळाचं अंदाजे वजन होतं ३८५० ग्रॅम. सोनोग्राफी करणाऱ्यांनी ‘बाळ चांगलं मोठं आहे’ एवढंच म्हटलं होतं. रिक्षातून घरी येईपर्यंत त्याचं ‘सिझर करावं लागणार’ असं होऊन गेलं. तिच्या सासूबाईंनी फोनवर सांगितलं, उगाच जोखीम नको, चांगला दिवस बघून सिझर करून घेऊ. माझ्या ताईचं मत वेगळं होतं. ती म्हणाली, कळा आणायचं इंजेक्शन देऊन आत्ताच मोकळी करा पोरीला, अजून वाढू कशाला द्यायचं? डॉक्टरांची भेट दोन दिवसांनी होती आणि ते दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

मी तो कागद मागून घेतला. ३८५० च्या पुढे बारीक अक्षरांत ± ५६२ असं छापलं होतं. घरातल्या कुणीच ते वाचलं नव्हतं. म्हणजे यंत्राचं स्वतःचं म्हणणं असं, की हे बाळ ३२८८ ग्रॅमचं असू शकतं आणि ४४१२ ग्रॅमचंही. पहिल्या आकड्याचं बाळ जन्मलं तर सुईणीपासून आजीपर्यंत सगळे ‘छान गुटगुटीत’ म्हणतील आणि पेढे वाटतील. दुसऱ्या आकड्याचं बाळ आपल्याकडे खरोखरच मोठं. या दोन बाळांसाठी निर्णय वेगवेगळे असू शकतात, आणि पोटात त्यांतलं कोणतं आहे ते चिठ्ठी सांगत नाही. ‘मोठ्या बाळा’चा सगळा प्रश्न या अधिक-उणे चिन्हापासून सुरू होतो. गेल्या तीस वर्षांत त्यावर जे संशोधन झालं, जे खटले लढले गेले, ते वाचून झाल्यावर माझं मत असं झालं आहे, की हे चिन्ह ज्या बाईला कुणी समजावून सांगितलं नाही तिच्याकडून घेतलेली संमती अर्धवट असते.

सोनोग्राफीचं यंत्र बाळाला तोलत नाही. डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी अशी मापं घेऊन ती एका सूत्रात घातली जातात. सर्वाधिक वापरात असलेलं सूत्र फ्रँक हॅडलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली अमेरिकेत मांडलं. त्यात हाड, स्नायू आणि चरबी यांचं प्रमाण साधारण ठरावीक धरलेलं असतं. बाळ कसं वळलं आहे, पाणी किती आहे, आईच्या पोटावर चरबी किती आहे यांवर मापाची स्वच्छता अवलंबून असते. पोटाचा घेर थोडा तिरका मोजला गेला तरी वजन बरंच बदलतं. दहा ते पंधरा टक्के इकडेतिकडे होणं हे यंत्राचं नेहमीचं वागणं आहे, आणि बाळ जितकं मोठं तितका हा अंदाज जास्त डळमळतो. आधी बाळंतपण झालेल्या बायकांना ‘हे बाळ मागच्यापेक्षा मोठं वाटतं का, किती असेल?’ असं विचारलं तर त्यांचा अंदाज सोनोग्राफीच्या तोडीचा निघतो, हेही अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडे आईला हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

अमेरिकेत बाळंतिणींच्या एका देशव्यापी पाहणीत, आधी सिझर न झालेल्या बायकांपैकी ३१ टक्क्यांहून अधिक जणींना ‘तुमचं बाळ बरंच मोठं होतंय’ असं सांगण्यात आलं होतं. त्यांच्यापैकी प्रत्यक्षात चार किलो किंवा त्याहून जास्त वजनाचं बाळ झालं ते सुमारे वीस टक्के जणींना. राहिलेल्या ऐंशी टक्क्यांनी शेवटचे आठवडे ज्या भीतीत काढले, ती भीती निराधार होती. भीतीचा परिणाम नुसता मनावर होत नाही. बाळ मोठं असल्याचा नुसता संशय नोंदला गेला तरी सिझरचं प्रमाण वाढतं, बाळ पुढे नेहमीच्या वजनाचं निघालं तरीही. कळा थोड्या मंदावल्या की ‘बाळ मोठं आहे म्हणून अडलंय’ हे उत्तर आधीपासून तयार असतं.

मोठं म्हणजे किती, हाही प्रश्न आहेच. पाश्चात्त्य पुस्तकांत ४००० किंवा ४५०० ग्रॅमची रेघ मारतात. आपल्याकडची बाळं मुळात लहान. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं यांची तुलना २००३ साली प्रसिद्ध केली. पुण्याकडची बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची साडेतीन किलोची. पण त्या अभ्यासातली खरी नवी गोष्ट पुढे होती: आपली बाळं वजनाने, दंडाने, पोटाने लहान असूनही खांद्याच्या फऱ्याखालची चरबी त्यांनी त्या मानाने राखलेली होती. याज्ञिकांनी त्याला ‘बारीक तरीही चरबीयुक्त बाळ’ म्हटलं, आणि ही कल्पना जगभर गेली. दुसऱ्या बाजूला, निरोगी आणि चांगल्या पोसलेल्या आयांच्या पोटातली बाळं जगात सगळीकडे जवळपास सारखीच वाढतात, असं मांडणारा इंटरग्रोथ-२१ हा मोठा प्रकल्प आठ शहरांत झाला आणि त्यांतलं एक नागपूर होतं. हा वाद मिटलेला नाही. तोवर आपल्याकडच्या बाईला आलेख कुठला लावला जातो आहे, हे विचारायला हरकत नाही.

आता भीती कशाची, ते पाहू. ‘मोठं बाळ बाहेर येणार नाही’ ही घरातली भीती. पण बाळ बाहेर येईना तर कळांच्या काळातच ते कळतं, पिशवीचं तोंड उघडणं थांबतं, डोकं खाली सरकत नाही, आणि तेव्हा सिझर करता येतं. डॉक्टरांची भीती निराळी असते. डोकं बाहेर येतं आणि पुढचा खांदा आईच्या जांघेच्या मधल्या हाडामागे अडकतो. आलेलं डोकं कासवासारखं मागे ओढलं जातं. नाळ दाबली जाते, छाती मार्गात आवळलेली असल्याने बाळाला श्वास घेता येत नाही, आणि सिझरची वेळ आता निघून गेलेली असते. हातात असतात ती मोजकी मिनिटं. त्या घाईत डोकं जोरात ओढलं गेलं तर मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं ताणलं जातं, क्वचित तुटतं, आणि हात लुळा पडतो. या दुखण्याला एर्बचा पक्षाघात म्हणतात. जर्मन वैद्य विल्हेल्म एर्ब यांनी १८७४ साली त्याचं वर्णन केलं. बहुतेक बाळांचे हात काही महिन्यांत पूर्ववत होतात. इंग्लंडच्या स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मते अशा इजांपैकी दहा टक्क्यांहून कमी कायमच्या राहतात. पण ज्या घरात तो कायमचा राहतो, त्या घराला टक्केवारी ऐकवून काय उपयोग?

खांदा अडकणं एकूण प्रसूतींत अर्ध्या टक्क्याच्या आसपास, मोजण्याच्या पद्धतीनुसार ०.२ पासून ३ टक्क्यांपर्यंत, आढळतं. बाळाच्या वजनाबरोबर धोका वाढतो, मधुमेही आईच्या बाळात आणखी वाढतो. मात्र खांदा अडकलेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी चार किलोपेक्षा कमी वजनाची असतात. याचा अर्थ असा, की सगळ्या मोठ्या बाळांची सिझरं केली तरी निम्मे अपघात राहतीलच. आणि मोठ्या बाळांतल्या बहुतेकांचे खांदे अडकत नाहीत.

मग सिझर किती करावी लागतील? हा हिशेब ड्वाइट राउझ आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मांडला. तो प्रत्यक्ष बायकांवरचा प्रयोग नव्हता, तेव्हाच्या उपलब्ध आकड्यांवर बेतलेलं गणित होतं. पण आजही कुठल्याही चर्चेत तो पहिला निघतो. मधुमेह नसलेल्या बायकांमध्ये सोनोग्राफीत ४५०० ग्रॅमच्या वर अंदाज आला की सिझर, असं धोरण ठेवलं तर एका बाळाची कायमची इजा टाळण्यासाठी ३६९५ सिझरं करावी लागतील. मधुमेही बायकांमध्ये तीच संख्या ४४३. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बाळाच्या वजनापेक्षा आईच्या रक्तातली साखर किती महत्त्वाची आहे ते दिसतं. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेचा सल्लाही याच हिशेबाला धरून आहे: मधुमेह नसेल तर अंदाजे वजन ५००० ग्रॅम आणि असेल तर ४५०० ग्रॅम झाल्यावर आधी ठरवून सिझर करण्याचा विचार करावा. भाचीचा कागद ३८५० चा होता. वरचं टोक धरलं तरी साडेचार किलोच्या आतच.

तीन हजारांहून जास्त सिझरं ही नुसती खर्चाची बाब नाही. सिझर आज सुरक्षित शस्त्रक्रिया आहे आणि गरजेच्या वेळी ती दोन जीव वाचवते. तिच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. पण तिची किंमत बहुतेकदा पुढच्या गरोदरपणात मोजली जाते, आणि निर्णयाच्या दिवशी ते पुढचं गरोदरपण कुणाच्या डोळ्यांसमोर नसतं. जुन्या टाक्यांच्या जागी वार रुजली तर ती पिशवीच्या भिंतीत खोल घुसते, प्रसूतीनंतर सुटत नाही, आणि प्रचंड रक्तस्राव होऊन पिशवी काढावी लागू शकते. अमेरिकेतल्या तीस हजार बायकांच्या अभ्यासात, वार खाली, पिशवीच्या तोंडाशी असताना हे होण्याची शक्यता पहिल्या सिझरच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्याच्या वेळी ११ आणि तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के दिसली. पहिलटकरणीचं पहिलं सिझर हा म्हणून तिच्या पुढच्या सगळ्या बाळंतपणांचा निर्णय असतो. एकच मूल हवं असलेल्या अडतीस वर्षांच्या बाईसाठी हा मुद्दा हलका होतो आणि तिने सिझर निवडलं तर तिचंही बरोबर असू शकतं. हे उत्तर तिने द्यायचं, तिच्या वतीने दुसऱ्या कुणी नव्हे.

राहिला ताईचा पर्याय, कळा आणण्याचा. अठ्ठावीस-तीस वर्षांपूर्वी समज असा होता, की मोठ्या बाळासाठी कळा आणल्या तर सिझरच वाढतात. ती समजूत आता बदलली आहे. फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि बेल्जियममधल्या ८२२ बायकांवरचा मिशेल बुल्वॅं यांचा प्रयोग २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. बाळ मोठं असल्याचा संशय असलेल्या बायकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं. एका गटाला ३७ ते ३९ आठवड्यांच्या दरम्यान कळा आणल्या, दुसऱ्याने वाट पाहिली. खांदा लक्षणीय अडकणं, हाड मोडणं वगैरे गंभीर गोष्टी एकत्र धरल्या तर कळा आणलेल्या गटात त्या २ टक्के आणि वाट पाहणाऱ्या गटात ६ टक्के झाल्या. सिझर वाढली नाहीत, उलट आपोआप, चिमटा न लावता होणाऱ्या प्रसूती किंचित वाढल्या. बाळं सरासरी २८७ ग्रॅमने हलकी झाली. मात्र लवकर जन्मल्यामुळे काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवाव्या लागलेल्या बाळांची संख्या वाढली. आणि ज्या इजेसाठी हे सगळं चाललं होतं, ती नसांची इजा दोन्ही गटांत एकाही बाळाला झाली नाही. ती इतकी विरळ आहे, की आठशे बायकांच्या प्रयोगात ती दिसेलच असं नाही. असे चार प्रयोग, ११९० बायका, एकत्र करणाऱ्या कोक्रेन आढाव्यातही चित्र तेच होतं: खांदा अडकणं कमी, हाड मोडणं कमी, सिझरांत फरक नाही. एक हाड मोडणं टाळायला साठ बायकांना कळा आणाव्या लागतील, असा त्यांचा हिशेब. शिवाय गुदद्वारापर्यंत जाणाऱ्या मोठ्या फाटण्याचं प्रमाण कळा आणलेल्या बायकांत थोडं जास्त आढळलं. आईच्या बाजूची ही गोष्ट सल्ला देताना बहुधा वगळली जाते.

पूर्ण उत्तर मिळेल अशी आशा ब्रिटनच्या ‘बिग बेबी’ प्रयोगाकडून होती. १०६ रुग्णालयं, २८९३ बायका, अडतिसाव्या आठवड्याच्या पहिल्या चार-पाच दिवसांत कळा आणणं विरुद्ध नेहमीची वाट. निकाल २०२५ साली आला. खांदा अडकणं एका गटात २.३ टक्के, दुसऱ्यात ३.१; फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. अपेक्षेपेक्षा खांदे कमी अडकू लागल्याने प्रयोग ठरलेल्या चार हजार बायकांच्या आधीच थांबवावा लागला होता. पण वाट पाहायला सांगितलेल्या कित्येक जणी त्या चार दिवसांच्या आधी किंवा त्याच सुमारास बाळंत झाल्या; फक्त ठरल्याप्रमाणे वागलेल्यांची तुलना केली तर २.३ विरुद्ध ३.७ असा खरा फरक दिसला. एकाच अहवालात दोन्ही पक्षांना हवं ते सापडतं, त्यामुळे वाद पुढे चालूच आहे. मी त्यातून एवढं घेते: लवकर कळा आणल्याने धोका थोडा कमी होतो, तो मुळातच थोडा असतो, आणि वाट पाहणाऱ्या शंभरांतल्या शहाण्णवहून अधिक जणींच्या बाळांचा खांदा कुठेच अडकत नाही. यात ‘नकोच’ म्हणणारी बाई बेजबाबदार ठरत नाही आणि ‘हो’ म्हणणारीही घाबरट ठरत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०२१ पासून हेच सांगतात, की वाट पाहणं, कळा आणणं आणि सिझर असे तिन्ही पर्याय बाईपुढे ठेवावेत. आपल्या घरांत वाद होतो तो दोनच पर्यायांत. तिसऱ्याचं नावही निघत नाही.

आकड्यांपलीकडे, कळा आणणं म्हणजे प्रत्यक्षात काय, हे सांगायला हवं, कारण पुष्कळ बायकांना ते एक इंजेक्शन वाटतं. पिशवीचं तोंड मऊ आणि थोडं उघडलेलं असेल तर काम सोपं. घट्ट आणि मागे असेल तर आधी ते मऊ करावं लागतं. त्यासाठी प्रोस्टाग्लँडिनची जेल, मिसोप्रोस्टॉलची छोटी मात्रा किंवा लघवीच्या नळीसारखी फोलीची फुग्याची नळी. मग पाणमोट फोडणं, मग ऑक्सिटोसिनचं सलाइन. तोंड तयार आहे की नाही याला गुण देण्याची पद्धत एडवर्ड बिशप यांनी १९६४ साली दिली आणि ती अजून चालते. या विषयावर एक मोलाचं काम आपल्या नागपुरात झालं आहे. तिथल्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ बायकांवर फोलीची नळी आणि तोंडाने दिलेलं मिसोप्रोस्टॉल यांची तुलना झाली, ती २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. चोवीस तासांत खालून प्रसूती झाली ती मिसोप्रोस्टॉल घेतलेल्यांपैकी ५७ टक्के, नळीवाल्यांपैकी ४७ टक्के जणींची. त्या बायकांचं कारण वेगळं होतं, रक्तदाबाचं. पण आकडा नीट वाचा. चांगली पद्धत वापरूनही चोवीस तास झाल्यावर शंभरातल्या त्रेचाळीस जणी खालून मोकळ्या झालेल्या नव्हत्या. कळा आणण्याला वेळ लागतो. पाणमोट फुटल्यावर बारा ते अठरा तास ऑक्सिटोसिन देऊन पाहिल्याशिवाय ‘कळा आल्या नाहीत’ असं म्हणू नये, असं अमेरिकी तज्ज्ञ सांगतात. अमेरिकेतच सहा हजारांहून अधिक निरोगी पहिलटकरणींवर झालेल्या २०१८ च्या प्रयोगात एकोणचाळीस आठवड्यांना कळा आणल्यावर सिझर १८.६ टक्के झाली, वाट पाहणाऱ्यांत २२.२ टक्के. पण हा निकाल धीर धरणाऱ्या प्रसूतिगृहातला आहे. ज्या दवाखान्यात सकाळी आठला सलाइन लावून संध्याकाळी सहाला धीर सुटतो, तिथे या आकड्यांवर विसंबता येत नाही.

आणि आपल्याकडे असे दवाखाने फार आहेत. मी कुणाला दोष देत नाही. तालुक्याच्या गावात एकच डॉक्टर, दोन नर्स, भूल देणारे डॉक्टर शेजारच्या गावाहून येतात आणि रात्री येतीलच याचा भरवसा नाही. अशा ठिकाणी सकाळी अकराला ठरवून केलेलं सिझर हे डॉक्टरांना रात्री दोन वाजताच्या अडलेल्या बाळंतपणापेक्षा खरोखरच सुरक्षित वाटतं, आणि त्या खोलीपुरतं ते असेलही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या प्रसूतींपैकी २१.५ टक्के सिझरने झाल्या, महाराष्ट्रात २५.४ टक्के. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण देशभरात १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के होतं. एवढा फरक बाळांच्या वजनातून येऊ शकत नाही. तो येतो पैशातून, मनुष्यबळातून, वेळापत्रकातून, खटल्याच्या भीतीतून, आणि हो, मुहूर्त काढणाऱ्या घरांतूनही.

खटल्याची भीती म्हटली, की नदीन माँटगोमेरी यांचं नाव येतंच. १९९९ मधली गोष्ट, स्कॉटलंडमधल्या बेल्सहिलची. उंची जेमतेम पाच फूट, इन्सुलिनवरचा मधुमेह, पहिलंच बाळंतपण. बाळ मोठं आहे ही काळजी त्यांनी डॉक्टरांजवळ बोलून दाखवली होती. मधुमेही आईच्या बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता नऊ ते दहा टक्के असते, हे डॉक्टरांना माहीत होतं. त्यांनी ते सांगितलं नाही, कारण सांगितलं तर सगळ्याच जणी सिझर मागतील असं त्यांना वाटत होतं. छत्तिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीवरून त्यांनी जन्माचं वजन ३.९ किलो धरलं. चार किलोच्या वर अंदाज असता तर त्यांनी सिझर देऊ केलं असतं. सोनोग्राफीचं माप दहा टक्के चुकू शकतं हेही त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांनी हिशेबात धरलं नाही. कळा आणल्या गेल्या, डोकं आलं, खांदा अडकला, आणि बाळ पूर्ण बाहेर यायला बारा मिनिटं लागली. सॅमचं वजन भरलं ४.२५ किलो. प्राणवायू न मिळाल्याने मेंदूला कायमची इजा झाली आणि एका हाताच्या नसाही गेल्या. सोळा वर्षांनी, ११ मार्च २०१५ रोजी, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या बाईच्या जागी असलेल्या माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो सांगितलाच पाहिजे. इतर डॉक्टरही सांगत नाहीत, हा बचाव चालणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. सव्वापाच दशलक्ष पौंडांची भरपाई मिळाली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात संमतीचा हक्क उचलून धरला, पण किती माहिती पुरेशी हे ठरवताना डॉक्टरांच्या रूढ पद्धतीकडेच पाहिलं. दूरच्या धोक्यांची माहिती देण्याची सक्ती आपल्याकडे नाही.

माँटगोमेरी यांच्या कहाणीतलं ते वगळलेलं अधिक-उणे मला सारखं आठवतं. तिथे ते वगळल्यामुळे सिझरचा पर्याय पुढे आला नाही. माझ्या भाचीच्या घरात ते वगळल्यामुळे सिझरशिवाय दुसरा पर्याय दिसेना. दिशा उलट, चूक तीच. आणि दोघींत फरक कशाने पडतो? साखरेने. मधुमेही आईच्या बाळात चरबी धडावर आणि खांद्यांवर साठते. डोकं नेहमीचं आणि खांदे रुंद, म्हणून डोकं सहज आलं तरी पुढे अडतं. मधुमेह नसलेल्या आईचं मोठं बाळ बहुधा सगळीकडून सारखं मोठं असतं, आणि ते जाणार नसेल तर डोकंच आधी तसं सांगतं.

म्हणून मोठ्या बाळाचं सर्वांत चांगलं औषध नवव्या महिन्यात नाहीच, ते पाचव्या-सहाव्या महिन्यात आहे. गरोदरपणातल्या सौम्य मधुमेहावर आहार, तपासणी आणि लागेल तर इन्सुलिन यांनी उपचार केले तर काय होतं, ते अमेरिकेतल्या ९५८ बायकांवरच्या २००९ च्या प्रयोगात पाहायला मिळालं. चार किलोवरची बाळं १४.३ टक्क्यांवरून ५.९ वर आली, खांदा अडकणं ४ टक्क्यांवरून दीडवर, आणि सिझरसुद्धा ३३.८ वरून २६.९ टक्क्यांवर. कुठल्याही कळा आणण्याच्या प्रयोगाने इतकं साधलेलं नाही. आपल्याकडे चाचणीही सोपी आहे. पोटात अन्न असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं आणि दोन तासांनी एकदा रक्त द्यायचं. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह धरायचा. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांच्या प्रयत्नांतून ही पद्धत रूढ झाली. पुण्यामुंबईतली नोकरदार बाई आणि शेतावर जाणारी बाई दोघींना ती परवडते. तरीही बाळ मोठं असल्याचं कळल्यावर ‘साखर तपासली होती का?’ हा पहिला प्रश्न विचारला जात नाही.

एक उदाहरण मात्र सगळ्यांना माहीत असावं असं मला फार वाटतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयाने कळा आणण्याचं किंवा सिझरचं धोरण न बदलता वेगळाच मार्ग धरला. प्रसूतिगृहातल्या प्रत्येकाला, डॉक्टरांपासून सुईणींपर्यंत, वर्षातून एकदा बाहुलीवर सराव: खांदा अडकला की हाक मारा, बाईच्या मांड्या छातीकडे घ्या, जांघेच्या हाडावरून दाब द्या, मागचा हात आधी काढा, आणि डोकं ओढू नका. खांदा अडकलेल्या बाळांना इजा होण्याचं प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ वर आलं. बारा वर्षांनी पाहिलं तेव्हा कायमच्या लुळ्या हाताचं एकही बाळ नव्हतं. बाईला हात-गुडघ्यांवर ओणवं करणं हाही एक उपाय आहे. तो अमेरिकी सुईण इना मे गॅस्किन यांच्या नावाने ओळखला जातो आणि त्याचं मूळ ग्वाटेमालात आहे. बाहुली आणि सरावाचा थोडा वेळ एवढाच या शिक्षणाचा खर्च. जिल्हा रुग्णालयांना तो जड नाही.

दोन दिवसांनी मी भाचीबरोबर डॉक्टरांकडे गेले. तिने कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर प्रश्न लिहून नेले होते. माझी साखर चोविसाव्या आठवड्यात ११२ होती, ती पुन्हा बघायची का? पिशवीचं तोंड कसं आहे? आत्ता कळा आणल्या तर किती तास लागतील आणि तुम्ही किती तास थांबाल? मला दोन मुलं हवी आहेत, सिझर केलं तर दुसऱ्या वेळी काय? शेवटचा प्रश्न तिने दोनदा खोडून लिहिला होता: रात्री खांदा अडकला, तर खोलीत कोण असेल?

डॉक्टर शेवटच्या प्रश्नाला थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, रात्री मी आणि एक सिस्टर असू, दोघींनी हे काम केलेलं आहे, आणि भूल देणारे डॉक्टर वीस मिनिटांच्या अंतरावर राहतात. हे तुला आधीच सांगायला हवं होतं. तपासणी झाली. तोंड अजून घट्ट होतं, डोकं मात्र खाली बसायला लागलं होतं. त्यांनी ३८५० च्या शेजारच्या ± वर पेनने गोल केला, साखर उद्या पुन्हा करायला सांगितली, बाळाच्या हालचाली रोज मोजायला लावल्या, आणि पुढच्या गुरुवारी, एकोणचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावर, या म्हणाल्या. तोंड मऊ झालेलं असलं आणि तुला हवं असलं तर कळा आणू, नसलं तर थांबू.

भाचीने कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि बाहेर येऊन आधी सासूबाईंना फोन लावला. म्हणाली, आई, गुरुवारपर्यंत थांबायचं ठरलंय. मी ठरवलंय.